देवीच्या घरचा कारभार

मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपल्याकडे घरोघरी महालक्ष्मीचा घट बसतो. कलशावर नारळ, नारळाला मुखवटा, मुखवट्याला नथ, भोवती पाच झाडांच्या पानांच्या डहाळ्या. संध्याकाळी पोथी वाचली जाते. त्या पोथीतली लक्ष्मी जर्जर म्हातारीचे रूप घेऊन राणीच्या दाराशी येते, आणि वैभवात वाढलेली राणी तिला ओळखत नाही, हाकलून देते. वर्षानुवर्षे बायका ही कथा वाचत आल्या आहेत. शेवटच्या गुरुवारी उद्यापन होते, सवाष्णी आणि कुमारिका बोलावल्या जातात, त्यांना हळदीकुंकू, फळ आणि पोथीची एक प्रत दिली जाते.

याच महिन्यात, मार्गशीर्ष वद्य सप्तमीला, श्रीसारदादेवींची जयंती येते. २२ डिसेंबर १८५३ रोजी बंगालमधल्या जयरामबाटी या खेड्यात त्या जन्मल्या. श्रीरामकृष्णांच्या पत्नी म्हणून आपण त्यांना ओळखतो. रामकृष्ण आश्रमांत या दिवशी पूजा, होम, प्रवचने होतील, प्रसाद वाटला जाईल. ते सगळे व्हावेच. पण आम्हाला या तिथीच्या निमित्ताने एक प्रश्न मांडायचा आहे. बाईला देवी म्हणायला हा देश कधीच कचरला नाही. मग त्या देवीच्या घरचा कारभार बाईच्या हाती कधी दिला का? पूजेचा अधिकार, दीक्षेचा अधिकार, मिळकतीचे कागद, बँकेतली सही, कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला नाही हे ठरवण्याचा हक्क?

या प्रश्नाचे एक होकारार्थी उत्तर दक्षिणेश्वरला, गंगेच्या काठी उभे आहे. त्याचे नाव श्रीसारदा मठ. तिथे राहणाऱ्या सगळ्या स्त्रिया. देवाची षोडशोपचार पूजा त्या करतात, होम त्या करतात, मंत्रदीक्षा त्या देतात, संन्यासही त्याच देतात. विश्वस्त त्या, अध्यक्षा त्यांच्यातलीच, हिशेब त्यांचे. त्यांच्यावर कोणत्याही पुरुष महंताचा अंमल नाही. हे सहज घडलेले नाही. किती कष्टाने घडले ते पाहायचे तर त्याच दक्षिणेश्वरच्या कालीमंदिरापासून सुरुवात करावी लागते.

ते मंदिर राणी रासमणींनी बांधले. कलकत्त्याच्या जानबाजारातली ही विधवा मोठी जमीनदारी एकहाती सांभाळत होती. १८४७ मध्ये त्यांनी गंगेकाठची जमीन घेतली, आणि ३१ मे १८५५ रोजी कालीची प्रतिष्ठापना झाली. पैसा त्यांचा, जमीन त्यांची, देवी त्यांची. परंतु त्या कैवर्त जातीच्या. त्यांच्या देवळात देवीला अन्नाचा नैवेद्य दाखवायला ब्राह्मण तयार होईना. शेवटी श्रीरामकृष्णांचे थोरले बंधू रामकुमार यांनी तोड काढली: मंदिर आधी ब्राह्मणाच्या नावे दान करावे, मग शास्त्राला हरकत नाही. ज्या बाईने देवीला घर दिले, तिला ते घर दुसऱ्याच्या नावावर करूनच देवीला भात वाढता आला. आमच्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे.

याच देवळाच्या आवारात नहबतखान्याची एक छोटी इमारत आहे. मुळात चौघड्यासाठी बांधलेल्या या इमारतीच्या खालच्या अष्टकोनी खोलीत सारदादेवी राहायच्या. जमीन जेमतेम पन्नास चौरस फूट. दार इतके ठेंगणे की पहिल्या पहिल्यांदा आत शिरताना त्यांच्या कपाळाला खोक पडायची, पुढे मान आपोआप वाकायला लागली. त्या एवढ्याशा जागेत धान्याची मडकी, शिंकी, भाज्या, पाण्याच्या भांड्यात जिवंत ठेवलेले मासे, आणि मुक्कामाला आलेली एखाददुसरी भाविक बाईही. बाहेरच्या अरुंद पडवीला बांबूच्या चटया बांधून आडोसा केलेला. दिवसा बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून पहाटे तीनच्या सुमारास अंधारात गंगेवर जाऊन स्नान उरकायचे. पलीकडे श्रीरामकृष्णांच्या खोलीत कीर्तन चाललेले असे, माणसे भावाने नाचत असत. सारदादेवी चटईला पडलेल्या भोकातून ते पाहत उभ्या राहत. अशा तासन्‌तास उभे राहण्याने, कोंडून राहण्याने त्यांना संधिवात जडला. तो जन्मभर गेला नाही.

आणि याच काळात, १८७२ मध्ये (काही चरित्रकार १८७३ म्हणतात), फलहारिणी कालीपूजेच्या अमावास्येच्या रात्री श्रीरामकृष्णांनी त्यांना देवीच्या आसनावर बसवले. षोडशी म्हणून त्यांची यथासांग पूजा केली, आणि आपल्या आजवरच्या साधनेचे फळ, जपमाळेसकट, त्यांच्या पायाशी ठेवले. जिवंत पत्नीची अशी पूजा करणारा दुसरा साधुपुरुष सहजी आठवत नाही. या पूजेची थोरवी आम्ही मनापासून मानतो. तरीही तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पुढेही वर्षानुवर्षे सारदादेवींचे दिवस त्याच नहबतखान्यात, त्याच चटईच्या आड, चुलीपाशी गेले. पूजेने त्यांचे अंतरंग बदलले असेल. राहत्या जागेची भिंत मात्र एक वीतही सरकली नाही.

१६ ऑगस्ट १८८६ रोजी श्रीरामकृष्णांनी देह ठेवला. सारदादेवी तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. रूढीप्रमाणे त्या हातातले सोन्याचे कंकण उतरवायला गेल्या, तेव्हा पती समोर येऊन थांबवत असल्याचे त्यांना दिसले, असे त्यांनीच पुढे सांगितले. त्यांनी कंकण ठेवले. लाल काठाची साडीही ठेवली, फक्त काठ फाडून बारीक केला. कामारपुकुर या सासरच्या गावी लोकांनी बोल लावायचे ते लावले. पुढचे दिवस फार हलाखीचे गेले. देवळातून महिन्याकाठी मिळणारे सात रुपये बंद झाले. त्या स्वतः जमीन खणून पालेभाजी लावत, भात शिजवत, आणि कधी कधी त्यात घालायला मीठही नसे. देवी म्हणून जिची पूजा झाली, तिच्या घरात मीठ नाही हे कलकत्त्याच्या शिष्यमंडळींना कळायला बराच काळ गेला.

त्या कंकणाबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण तो विषय आपल्या अंगणातला आहे. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की गावात नवरा वारल्यावर बायकोच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे बंद. पाठोपाठ राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी तसेच करावे म्हणून परिपत्रक काढले. सारदादेवींनी हातातले कंकण न उतरवल्यावर हा ठराव यायला एकशेपस्तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. आणि आजही उद्यापनाला सवाष्णीच बोलावल्या जातात. ज्या स्त्रीची जयंती याच महिन्यात पूजा करून साजरी होते, तिला आपल्यातल्या कित्येक घरांत हळदीकुंकवाचे आमंत्रण गेले नसते. ज्या घरांत आता विधवा काकू-मावशींना पहिला मान देऊन कुंकू लावले जाते, त्या घरांबद्दल आम्हाला फार आदर वाटतो.

पुढे शिष्यांनी सारदादेवींना कलकत्त्यात आणले. बरीच वर्षे भाड्याच्या घरांत गेली. १९०९ मध्ये स्वामी सारदानंदांनी कर्ज काढून बागबाजारात घर बांधले. लोक त्याला ‘मायेर बाडी’, म्हणजे आईचे घर, म्हणू लागले. खाली ‘उद्बोधन’ मासिकाची कचेरी आणि साधू, वर आई आणि त्यांच्यासोबतच्या बायका. या बायकांकडे नीट पाहावे. गोलापमा विधवा होत्या, एकुलती लेक गेल्याच्या दुःखात दक्षिणेश्वरला आल्या होत्या. योगीनमा श्रीमंताघरच्या, नवऱ्याच्या व्यसनापायी संसार मोडलेल्या. संसाराने ज्यांना काठावर टाकले होते, त्यांनी मिळून ते घर चालवले. सकाळी पूजा, मग विळीवर भाजी चिरणे, विड्यांची पाने लावणे, आल्यागेल्याचे जेवण, दुपारी भेटायला येणाऱ्या बायका, संध्याकाळी जप. आईही विळी घेऊन बसत. आईंची झोपायची खोली आणि देवघर एकच.

पण या घरातला अधिकार स्वयंपाकापुरता नव्हता. इथे सारदादेवी गुरू होत्या. स्त्रिया, पुरुष, गृहस्थ, संन्यासी सगळे त्यांच्याकडून मंत्र घेत. कलकत्त्यात प्लेग आला तेव्हा मदतीला पैसा उभा करण्यासाठी विवेकानंद मठासाठी घेतलेली बेलूरची जमीन विकायला निघाले होते, त्यांना आईंनी थांबवले असे चरित्रकार सांगतात. क्रांतिकारी चळवळीतून आलेले काही तरुण मठात साधू झाले होते. १९१६ मध्ये बंगालचे गव्हर्नर लॉर्ड कार्मायकेल यांनी रामकृष्ण मिशनवर जाहीर संशय घेतला, तेव्हा त्या मुलांना दूर करावे असा सल्ला पुढे आला. आईंनी नकार दिला. मुले राहिली. जयरामबाटीजवळचा अमजद हा मुसलमान मजूर, चोर-दरोडेखोर म्हणून बदनाम, त्यांच्या ओसरीवर जेवायला बसला तेव्हा पुतणी लांबून त्याच्या पानात वाढू लागली. आईंनी स्वतः वाढले आणि त्याचे उष्टेही स्वतः काढले. १८९८ मध्ये भगिनी निवेदिता आणि त्यांच्या पाश्चात्त्य मैत्रिणी आल्या, तेव्हा या कर्मठ घराण्यातल्या ब्राह्मण विधवेने त्यांच्यासोबत बसून खाल्ले. त्या काळच्या कलकत्त्यात हे केवढे धाडस होते, याची आज कल्पना करणेही कठीण आहे.

त्याच वर्षी, नोव्हेंबरात, त्यांचे पहिले छायाचित्र काढले गेले. परक्या पुरुषासमोर तोंडावरचा पदर कधी न काढलेली पंचेचाळिशीची बाई, समोर गोरा छायाचित्रकार. त्यांचा संकोच जाईना. निवेदितांनी जवळ जाऊन केस आणि पदर नीट केला. आज देशभरच्या देवघरांत आणि मठांत ज्या प्रतिमेपुढे निरांजन ओवाळले जाते ती बहुतेक ठिकाणी त्या दिवशीचीच आहे.

बेलूर मठातली दुर्गापूजाही इथे आठवावी. १९०१ मध्ये विवेकानंदांनी ती सुरू केली. संन्याशाला स्वतःच्या नावे संकल्प सोडता येत नाही. म्हणून संकल्प सारदादेवींच्या नावे सोडला गेला, आणि आजही तो त्यांच्याच नावे सोडला जातो. पुरुषांच्या एवढ्या मोठ्या मठात वर्षातली सर्वांत मोठी पूजा एका स्त्रीच्या नावावर उभी राहते. आम्हाला हे षोडशीपूजेइतकेच मोलाचे वाटते, कारण संकल्प म्हणजे पूजेची मालकी.

तरीही बायकांचा मठ निघायला अजून पन्नासहून अधिक वर्षे होती. विवेकानंदांची इच्छा तर उलट होती. १८९४ मध्ये अमेरिकेतून गुरुबंधूंना लिहिताना त्यांनी पुन्हापुन्हा बजावले होते, की आईंसाठी आणि त्यांच्या लेकींसाठी मठ आधी व्हावा, पुरुषांचा नंतर. झाले नेमके विपरीत. बेलूरची जमीन १८९८ मध्ये घेतली गेली, मठ उभा राहिला, वाढला. स्त्रियांचा मठ कागदावर राहिला. याला केवळ पुरुषांची अनास्था म्हणून चालणार नाही. आठव्या-नवव्या वर्षी लग्न होणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या, घराबाहेर एकटीने पाऊल न टाकलेल्या मुलींतून मठ चालवणाऱ्या कोण निघणार? विवेकानंदांचे म्हणणे होते की बायकांना शिकवावे आणि बाजूला व्हावे, त्यांचे प्रश्न त्या सोडवतील. शिकवण्याचेच काम अर्धे शतक पुरले.

ते काम स्त्रियांनीच केले. गौरीमांनी १८९५ मध्ये बराकपूरला गंगेकाठी सारदेश्वरी आश्रम काढला. या गौरीमा म्हणजे लग्न चुकवून घरातून निघून गेलेल्या, गळ्यात शाळिग्राम बांधून हिमालयापर्यंत एकट्या फिरलेल्या संन्यासिनी. श्रीरामकृष्णांनी त्यांना तपश्चर्या पुरे म्हणून सांगितले आणि शहरातल्या बायकांच्या कामाला लावले. त्यांचा आश्रम आजही कलकत्त्यात चालू आहे, आणि तोही स्त्रियांच्याच हाती आहे. निवेदितांनी १३ नोव्हेंबर १८९८ रोजी, कालीपूजेच्या दिवशी, बोसपाडा गल्लीत मुलींची शाळा काढली. पूजा करायला आणि आशीर्वाद द्यायला सारदादेवी आल्या होत्या. त्या शाळेच्या पोटात पुढे तिथल्या शिक्षिका सुधीरादेवींनी बायकांचे वसतिगृह उभे केले. कुमारी, परित्यक्ता, विधवा, ज्यांना शिकायचे आहे आणि परत जायला घर नाही अशा सगळ्या तिथे राहत. आम्हाला विचाराल तर सारदा मठाचा खरा पाया हे वसतिगृह आहे.

तिथेच सरला नावाची मुलगी होती. लहानपणी लग्न झालेली, संसार नको म्हणून घर सोडून आलेली. सुधीरादेवींनी तिला आसरा दिला. कलकत्त्याच्या लेडी डफरिन रुग्णालयात ती परिचारिकेचे काम शिकली. भद्र घरातल्या मुलीने सुइणीचे-नर्सचे काम करावे हे तेव्हा हलके मानले जाई. हीच सरला सारदादेवींच्या अखेरच्या आजारात त्यांच्या उशापायथ्याशी होती. जुलै १९२० मध्ये आई गेल्या. त्यानंतर सरलादेवींनी म्हाताऱ्या गोलापमा आणि योगीनमांची सेवा केली, आणि सारदानंद गेल्यावर काशीला जाऊन जवळजवळ सत्तावीस वर्षे एकान्तात राहिल्या. १९५४ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांना निरोप गेला: परत या, मठ निघतो आहे.

सारदादेवींच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष. १९५३ च्या डिसेंबरात सात स्त्रियांना बेलूरला ब्रह्मचर्यदीक्षा दिली गेली होती. २ डिसेंबर १९५४ रोजी दक्षिणेश्वरला सारदा मठाचे दार उघडले. १ जानेवारी १९५९ रोजी बेलूर मठाचे अध्यक्ष स्वामी शंकरानंद यांनी पहिल्या तुकडीला संन्यास दिला. सरलादेवी प्रव्राजिका भारतीप्राणा झाल्या आणि मठाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षी बेलूरच्या विश्वस्तांनी या मठावरचा आपला अधिकार सोडला. पुढच्या वर्षी समाजकार्यासाठी रामकृष्ण सारदा मिशन स्थापन झाले. निवेदितांची शाळाही १९६३ मध्ये या स्त्रियांच्या स्वाधीन झाली.

अधिकार सोडला, हे तीन-चार शब्दांत लिहून होते. पण आपल्या भोवतालच्या संस्था आठवून पाहा. महिला विभाग, महिला आघाडी, महिला समिती, सगळीकडे असतात. वरच्या मंडळाची मंजुरी मात्र सुटत नाही. एखादी संस्था स्वतःच उभारलेले घर, जमीन, शाळा आणि दीक्षेचा हक्क ज्यांच्यासाठी उभारला त्यांच्या हवाली करून बाजूला होते, पुन्हा मागे वळून सल्लागार म्हणूनही बसत नाही, याची उदाहरणे फार थोडी. बेलूरच्या त्या साधूंचे ऋण मानले पाहिजे. विवेकानंदांची इच्छा पासष्ट वर्षांनी का होईना, त्यांनी पुरी केली.

मठातला दिवस पहाटेच्या मंगलारतीने सुरू होतो. ध्यान, पूजा, मग जिचे तिचे काम: कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात, कुणी कोठीघरात, कुणी हिशेबाच्या वह्यांपुढे. संध्याकाळी पुन्हा आरती, स्तोत्रे. नव्या मुली बरीच वर्षे शिकत, राबत राहतात. आधी ब्रह्मचारिणी म्हणून पांढरी साडी, मग संन्यास आणि भगवी. नाव बदलते, प्रव्राजिका अमुकप्राणा असे होते, आडनाव आणि जात मागे राहते. दुपारचा स्वयंपाक इथेही बायकाच करतात. फरक एवढाच की पानावर बसणाऱ्याही त्याच, आणि उद्या कोणी काय करायचे हे ठरवणाऱ्याही त्याच. राणी रासमणींच्या देवळापासून हे सगळे हाकेच्या अंतरावर चालते.

चौथ्या अध्यक्षा प्रव्राजिका भक्तिप्राणा यांचे चरित्र वाचताना आम्ही पुन्हा थबकलो. १९२० मध्ये जन्मलेल्या या बाई परिचारिकेचे शिक्षण घेऊन १९५० मध्ये कलकत्त्याच्या मातृभवन या प्रसूतिगृहात लागल्या. दहा खाटांचे ते प्रसूतिगृह त्यांच्या देखरेखीखाली शंभर खाटांचे झाले. २००९ मध्ये त्या मठाच्या अध्यक्षा झाल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये वयाच्या एकशेदोनाव्या वर्षी गेल्या. म्हणजे पहिली अध्यक्षा नर्स, चौथीही नर्स. आपल्याकडे गादीवर बसणारा विद्वान असतो, शास्त्री असतो, निदान चमत्कारी तरी. रक्त, लाळ, बाळंतपणाचे कपडे ज्यांनी धुतले त्या हातांना सोवळ्याच्या कल्पनेने देव्हाऱ्यापासून दूर ठेवले होते. त्याच हातांनी इथे पूजा केली, मंत्र दिला, आणि हजारो लोक त्या हातांपुढे वाकले. मातृपूजा म्हणायचे ते याला.

मराठी वाचकाने हे ऐकून बंगालचे कौतुक म्हणून सोडून देऊ नये. आपल्या मातीतही ही धडपड जुनी आहे. चक्रधरांनी तेराव्या शतकात स्त्रियांना शिष्या केले, विटाळ मानला नाही. महदाइसा त्याच परंपरेतल्या. अहिल्यानगर जिल्ह्यात, शिर्डीजवळ साकोरीला, उपासनी महाराजांच्या स्थानात कन्या वेद म्हणतात, यज्ञ करतात, आणि गोदावरीमातांनी ते स्थान कित्येक दशके सांभाळले. पुण्यात स्त्रिया पौरोहित्य शिकल्या आणि आज त्या लग्ने, मुंजी, श्राद्धे सांगतात.

पण एक आठवण अजूनही बोचते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंचे संस्कृत ऐकून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. विशीतल्या मुलीला भर सभेत देवीचे नाव दिले. पुढे ती विधवा झाली. या सरस्वतीसाठी हिंदू धर्माच्या कोणत्या मठात, कोणत्या गादीवर, कोणत्या विश्वस्त मंडळात जागा होती? रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्याची कारणे अनेक आहेत आणि ती त्यांच्या मनाची होती. आम्हाला इतकेच म्हणायचे आहे की १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदासदन काढले आणि नंतर केडगावला मुक्ती मिशन उभारले, तेव्हा बायकांनी बायकांसाठी चालवलेले धर्माचे घर कसे असते हे त्यांनी आपल्याला दाखवले होते. ते आपल्या धर्मात का उभे राहिले नाही, हा प्रश्न आपण त्यांनाच दोष देऊन टाळला.

सारदा मठाबद्दल शंकाही आहेत आणि त्या दडवायचे कारण नाही. हे घर संसार सोडलेल्यांचे आहे. ज्यांना मूल हवे, जोडीदार हवा, त्यांच्या घरातल्या अन्यायाला तिथे परस्पर उत्तर मिळत नाही. आज्ञापालनाचे व्रत तिथेही आहे, आणि आईची आज्ञा बापाच्या आज्ञेहून आपोआप मऊ होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शिवाय ‘आई’ या पदवीतच एक धोका आहे. जिला आई म्हटले तिने थकू नये, मागू नये, नाही म्हणू नये अशी अपेक्षा लगेच येऊन चिकटते. सारदादेवींनीही संधिवाताच्या गुडघ्यांनी, तापात, शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांचे केले. त्यांच्या त्या सोसण्याचे गोडवे गाणारी प्रवचने आम्हाला अस्वस्थ करतात. गायचे असतीलच तर ओसरीवरच्या अमजदचे गावे, गव्हर्नरच्या रोषापुढे मुलांना न सोडण्याचे गावे. तिथे त्यांनी सोसले नाही, निर्णय घेतला.

आणि म्हणून या जयंतीला आमची मागणी आपल्या देवीच्या देवस्थानांकडे आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांना जाता यावे म्हणून २०११ मध्ये आंदोलन करावे लागले. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यासाठी २०१६ मध्ये उच्च न्यायालयात जावे लागले. प्रवेशाचा प्रश्न सुटला की आपण प्रश्न संपला असे धरून चालतो. प्रवेश हा पाहुण्याचाही हक्क असतो. राज्यातल्या देवीच्या देवळांत नवरात्रात लाखोंनी ज्या येतात, ओटी भरतात, दानपेटीत पैसे टाकतात, त्यांच्यातल्या किती जणी त्या पेटीचा हिशेब पाहतात? किती जणी पूजा सांगतात? यात्रेतल्या बायकांसाठी स्वच्छतागृहे कुठे हवीत, प्रसादालयात कामाला असलेल्या बायकांना मजुरी किती द्यावी, देवस्थानच्या पैशातून मुलींचे वसतिगृह काढावे की नवे महाद्वार बांधावे, हे ठरवणाऱ्या बैठकीत किती जणी बसतात?

शासन ज्या देवस्थान समित्यांवर नेमणुका करते, तिथे निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्यात, आणि त्यांत विधवा, परित्यक्ता, अविवाहित यांना वगळणारी कोणतीही लेखी-अलेखी अट नसावी. देवीच्या पूजेचे शिक्षण ज्यांना घ्यायचे आहे अशा सर्व जातींच्या मुलींसाठी देवस्थानांनी स्वखर्चाने वर्ग काढावेत आणि शिकून तयार झालेल्यांना त्याच देवळात पूजेला उभे करावे. याला वंशपरंपरेचे पुजारी विरोध करतील, काही प्रकरणे कोर्टात जातील, वर्षे जातील. जावोत. ज्या बायकांना या कामासाठी बोलावणे येईल, त्यांनी हळदीकुंकवाच्या नियोजनावर समाधान मानू नये. पहिल्याच बैठकीत जमाखर्चाची वही मागावी, आणि ती मिळेपर्यंत ठरावावर सही करू नये.